विनोबा : बडोद्याहून निघालेली वाट

बडोद्यातल्या आपल्या मराठी घरांना विनोबा भावे हे नाव नवे नाही. जुन्या पिढीतल्या कित्येकांच्या देव्हाऱ्याशेजारी गीताईची छोटी प्रत अजून सापडते. पण घरातल्या मुलांना विचारले, तर भूदान आणि पवनार या दोन शब्दांपलीकडे गाडी फारशी जात नाही. हा माणूस आपल्या बडोद्यात लहानाचा मोठा झाला, इथल्याच रस्त्यांवर त्याला चालण्याचा नाद लागला आणि पुढे त्याच पायांनी त्याने जवळजवळ सारा देश पालथा घातला, हे मुलांना सांगायचे राहूनच गेले.

आपल्या मंडळातली तरुण मुले थंडीत पावागड चढायला जातात, काही जण नर्मदेच्या काठाने चालण्याचे बेत आखतात. टप्पा किती मैलांचा ठेवावा, पाठीवर ओझे किती घ्यावे, मुक्काम कुठे करावा, पाऊस आला तर काय, अशा चर्चा चाललेल्या ऐकल्या की आम्हाला हमखास विनोबांची आठवण होते. या सगळ्या प्रश्नांची उत्तरे त्यांनी तेरा वर्षे रोज नव्याने शोधली होती. म्हणून या वेळी विनोबांचे चरित्र त्यांच्या चालण्याच्या अंगाने सांगायचे आम्ही ठरवले आहे.

गागोदे ते बडोदे

विनायक नरहर भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी कुलाबा जिल्ह्यातल्या गागोदे या गावी झाला. हा जिल्हा आता रायगड म्हणून ओळखला जातो. आजोबा शंभुराव यांच्या देवपूजेत आणि आई रुक्मिणीबाईंच्या ओव्या-अभंगांत बालपण गेले. वडील नोकरीनिमित्त बडोद्यात होते. ते आधुनिक विचारांचे आणि शास्त्राची आवड असलेले गृहस्थ होते. विन्या नऊ-दहा वर्षांचा झाल्यावर कुटुंब बडोद्याला आले. कोकणातल्या डोंगरापायथ्याच्या खेड्यातून सयाजीराव महाराजांच्या राजधानीत येणे म्हणजे एका जगातून दुसऱ्या जगात येणे होते. आपल्यापैकी कितीतरी घराण्यांच्या पूर्वजांनी हाच प्रवास केला आहे.

बडोद्याने या मुलाला दोन गोष्टी दिल्या. एक, पुस्तके. सयाजीरावांनी उभारलेल्या ग्रंथालयात तो तासन् तास बसे. उन्हाळ्यात सदरा काढून वाचत बसल्याबद्दल त्याला एकदा हटकण्यात आले होते, ही आठवण ते पुढे गमतीने सांगत. दुसरी गोष्ट म्हणजे भटकंती. शाळा-कॉलेजातून सुटले की मित्रांना घेऊन शहराबाहेर मैलोन् मैल जायचे आणि चालता चालता वाद घालायचे. ऊन असो की रात्र, पायात जोडे नाहीत. त्या अनवाणी उन्हातल्या फिरण्याचा डोळ्यांना त्रास झाला, असे त्यांनीच नंतर मान्य केले आहे. हे सांगायचे कारण असे की चालण्याच्या हौसेला शहाणपणाची जोड त्यांना पुढे, किंमत मोजून मिळाली. आपल्या मुलांनी जोडे घालूनच पावागड चढावा.

सुरतेला उतरलेला मुलगा

कॉलेजात मन रमेना. घरातल्या चुलीपाशी बसून त्यांनी आपली प्रशस्तिपत्रे एकेक करून जाळली. आई पाहत होती. २५ मार्च १९१६ रोजी इंटरच्या परीक्षेसाठी म्हणून ते मुंबईच्या गाडीत बसले, पण वाटेत सुरतेला मित्रांसह उतरले आणि काशीकडे जाणारी गाडी धरली. वडिलांना पत्राने कळवले की परीक्षेला जात नाही.

बडोद्याच्या त्या घरात पत्र पोचले तेव्हा काय झाले असेल, याची कल्पना आपल्याला सहज करता येते. आज मुलगा पुण्याला किंवा परदेशी निघाला तरी आईबापांचा जीव कासावीस होतो. इथे तर मुलगा कुठे निघाला हेच नक्की नव्हते. काशीत संस्कृताचा अभ्यास करताना त्यांनी गांधीजींच्या हिंदू विश्वविद्यालयातल्या गाजलेल्या भाषणाविषयी वाचले, पत्रव्यवहार केला आणि ७ जून १९१६ रोजी अहमदाबादजवळच्या कोचरब आश्रमात त्यांची भेट घेतली. हिमालय आणि क्रांतीचा बंगाल या दोन ओढींमध्ये घोटाळणारा हा तरुण तिथेच स्थिरावला.

पुढल्या वर्षी त्यांनी आश्रमातून वर्षभराची रजा घेतली. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे यांच्याकडे वेदान्ताचा अभ्यास करायचा, तब्येत सुधारायची आणि महाराष्ट्र पायी पाहायचा, असा बेत होता. त्या वर्षात चार-पाच जिल्ह्यांतून त्यांनी सुमारे ४०० मैल पायपीट केली. वाटेत सिंहगड, तोरणा यांसारखे किल्ले पाहिले आणि गावोगाव गीतेवर प्रवचने दिली. रजा संपली त्या ठरल्या दिवशी ते आश्रमात हजर झाले. पुढच्या मोठ्या पदयात्रेचे सारे गुण या छोट्या यात्रेत दिसतात : ठरवलेला काळ, ठरवलेला उद्देश आणि दिलेल्या वेळेला पोचण्याचा हट्ट.

१९१८ साली इन्फ्लुएन्झाच्या साथीत आई बडोद्यातच गेली. शेवटच्या आजारपणात विनोबा तिच्यापाशी आले होते. गीता आपल्याला कळेल अशा मराठीत असावी, ही तिची जुनी इच्छा होती आणि ते काम मुलानेच करावे असे तिला वाटे. गीताई त्यांनी १९३०-३१ मध्ये लिहिली. आपल्या घरांतल्या त्या छोट्या पुस्तकाचे मूळ असे बडोद्याच्या एका स्वयंपाकघरात आहे.

रोजचे तीन मैल

१९२१ मध्ये गांधीजींनी त्यांना वर्ध्याच्या आश्रमाची जबाबदारी दिली. पुढली तीस वर्षे सूतकताई, शेती, शिक्षण आणि तुरुंगवास यांत गेली. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर जी प्रवचने दिली, ती साने गुरुजींनी उतरवून घेतली. १९४० मध्ये वैयक्तिक सत्याग्रहासाठी गांधीजींनी पहिला सत्याग्रही म्हणून त्यांची निवड केली, तेव्हा देशाला हे नाव प्रथम ठळकपणे कळले.

या काळातली एक गोष्ट चालण्याच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. १९४६ पासून ते पवनारहून तीन मैलांवरच्या सुरगावला रोज सकाळी फावडे खांद्यावर टाकून जात, गावातला मैला साफ करत आणि परत येत. पाऊस असो, थंडी असो, नेम चुकत नसे. गांधीजींच्या हत्येनंतर कामाची दिशा बदलेपर्यंत हा क्रम चालला. लांबच्या वाटेची तयारी अशी जवळच्या वाटेवर झाली.

शिवरामपल्लीची वाट

१९५१ साली हैदराबादजवळ शिवरामपल्ली इथे सर्वोदय संमेलन भरणार होते. विनोबांचा जायचा विचार नव्हता. सहकाऱ्यांनी फारच आग्रह धरला तेव्हा ते तयार झाले, पण पायी जाण्याच्या अटीवर. वय पंचावन्न, पोटात जुना अल्सर, आहार दह्या-दुधाचा. अंतर सुमारे ३०० मैल. ८ मार्चला निघून महिनाभरात, संमेलनाच्या आदल्या दिवशी ते पोचले.

रेल्वेने एका रात्रीत होणारा प्रवास महिनाभर का करायचा? पैशाचा आधार सोडून काम करता येते का, हे त्यांना पाहायचे होते. शिवाय गाडीच्या खिडकीतून गाव दिसते, पण गावातली माणसे भेटत नाहीत. तेलंगणात त्या वेळी जमीनदार आणि कम्युनिस्ट यांच्या संघर्षात खेडी होरपळत होती. परतीची वाट त्यांनी मुद्दाम त्याच भागातून आखली. आधी हैदराबादच्या तुरुंगात जाऊन कम्युनिस्ट कैद्यांना भेटले आणि मग नलगोंडा जिल्ह्यात शिरले.

१८ एप्रिल १९५१ रोजी मुक्काम पोचमपल्लीला होता. तिथल्या चाळीस हरिजन कुटुंबांनी ८० एकर जमीन मागितली. सरकारकडे अर्ज करण्याऐवजी विनोबांनी गावकऱ्यांनाच विचारले आणि रामचंद्र रेड्डी यांनी उभे राहून १०० एकर देऊ केली. त्या रात्री विनोबांना झोप लागली नाही. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक मुक्कामी ते जमीन मागू लागले. ५१ दिवसांत सुमारे १२ हजार एकर जमीन मिळाली. हैदराबादेतल्या आपल्या मराठी बंधूंनी ध्यानात ठेवावे की भूदानाचा उगम त्यांच्या शहरापासून हाकेच्या अंतरावर आहे.

मार्ग कसा आखत

त्याच वर्षी १२ सप्टेंबरला नियोजन मंडळाशी चर्चा करण्यासाठी पंडित नेहरूंच्या निमंत्रणावरून ते दिल्लीला निघाले, तेही पायीच. सुमारे ८०० मैलांची ही वाट दोन महिन्यांत कापली. राजघाटाजवळच्या झोपडीत राहून चर्चा आटोपली आणि पुन्हा चालायला लागले. मग उत्तर प्रदेश, बिहार, बंगाल, ओडिशा, आंध्र, तमिळनाडू, केरळ, कर्नाटक, महाराष्ट्र, गुजरात, राजस्थान, पंजाब, काश्मीर, मध्य प्रदेश, आसाम. १० एप्रिल १९६४ रोजी ते पवनारला परतले, तोवर ५० हजार किलोमीटरांहून अधिक चालणे झाले होते.

इतकी लांब वाट कोणत्या हिशोबाने चालली, ते पाहण्यासारखे आहे. विनोबा पहाटे तीनच्या सुमारास उठत. प्रार्थना झाली की अंधारातच निघत, पुढे कंदील. रोजचा टप्पा साधारण दहा-बारा मैलांचा. त्यामुळे ऊन तापण्याआधी पुढचे गाव गाठता येई आणि उरलेला सारा दिवस त्या गावासाठी मोकळा मिळे. दुपारी भेटीगाठी, संध्याकाळी प्रार्थना आणि सभा. मग दानपत्रे भरून घेणे, लवकर झोपणे आणि पहाटे पुन्हा कंदील. स्थानिक कार्यकर्ते पुढच्या गावांना आधी जाऊन मुक्कामाची सोय पाहत. यात्रेचा शिधा गावेच देत. चालण्याचा वेळही वाया जात नसे. कोणी प्रश्न विचारी, कोणी अडचण सांगे आणि ज्या प्रांतात जायचे तिथल्या भाषेचा अभ्यासही सुरू असे.

आपल्याला पंढरीची वारी ठाऊक आहे. वारीचे मुक्काम पिढ्यान् पिढ्या ठरलेले असतात, विसावा कुठे आणि रिंगण कुठे हेही ठरलेले. विनोबांच्या यात्रेत वारीची शिस्त होती, पण पंढरपूर रोज नवे होते. जवळची वाट कोणती, यापेक्षा कोणत्या गावांत भूमिहीन आहेत आणि कुठे जायला कोणी तयार नाही, याचा विचार आधी होई. वाट लांबली तरी चालेल, पण दिलेला दिवस आणि वेळ चुकता कामा नये. गाव वाट पाहत बसलेले असे.

डोंगर, पाऊस आणि आजारपण यांनी या वेळापत्रकाची परीक्षा घेतलीच. १९५२ च्या डिसेंबरात बिहारमध्ये चांडिल इथे मलेरियाने त्यांना गाठले. आधी त्यांनी औषध नाकारले. प्रकृती फारच बिघडल्यावर आणि चहूकडून विनवण्या झाल्यावर ते औषध घ्यायला राजी झाले. १९५३ मध्ये देवघरच्या वैद्यनाथ मंदिराकडे हरिजनांसह जात असताना पंड्यांकडून त्यांना आणि सोबत्यांना मारहाण झाली. १९५५ चा पावसाळा त्यांनी ओडिशातल्या कोरापुटच्या डोंगरी भागात काढला. तिथल्या आदिवासींनी गावेच्या गावे ग्रामदानात दिली. १९५७ च्या एप्रिलमध्ये कन्याकुमारीला समुद्रासमोर बसून त्यांनी ग्रामस्वराज्य येईपर्यंत चालत राहण्याची प्रतिज्ञा केली आणि मग केरळच्या किनारपट्टीने उत्तरेकडे वळले.

१९५८ च्या मे अखेरीस यात्रा पंढरपुरात होती. निरनिराळ्या धर्मांच्या सोबत्यांना घेऊन विनोबांनी विठ्ठलाचे दर्शन घेतले. ज्याच्या आईने अभंग म्हणत त्याला वाढवले, त्याला हे दर्शन किती खोलवर भिडले असेल! त्याच वर्षी सप्टेंबरात यात्रा आपल्या गुजरातेत आली. बेचाळीस वर्षांपूर्वी ज्या प्रांतातून हा मुलगा न सांगता निघून गेला, तिथे तो आता साऱ्या देशाच्या ओळखीचा होऊन येत होता.

काश्मीरमध्ये १९५९ च्या पावसाळ्यात पीर पंजाल ओलांडायचा होता. वाट १३ हजार फुटांहून उंच. पायथ्याशी लोरनला पावसाने त्यांना अनेक दिवस अडकवून ठेवले. डोंगर ओलांडता आला नाही तर तो ईश्वराचा संकेत मानून पंजाबात परतायचे, असे त्यांनी मनाशी ठरवले होते. हा निर्णय आम्हाला फार मोलाचा वाटतो. मोठ्या निश्चयाच्या माणसानेही परत फिरण्याची तयारी आधीच करून ठेवली होती. पाऊस थांबला आणि साठी ओलांडलेल्या विनोबांनी बर्फातून तो डोंगर पार केला.

१९६० च्या मे महिन्यात ते चंबळच्या खोऱ्यात, भिंड-मुरैना भागात होते. ग्वाल्हेरकर मंडळींना त्या भागाची दहशत सांगायला नको. वीसच्या आसपास दरोडेखोरांनी त्यांच्यापुढे शस्त्रे ठेवली. पुढे इंदूरला त्यांनी नेहमीचा शिरस्ता मोडून जवळजवळ महिनाभर मुक्काम केला, वस्त्यावस्त्यांतून हिंडून स्वच्छतेचे काम केले आणि भिंतींवरच्या अश्लील जाहिरातींविरुद्ध आवाज उठवला. तिथला विसर्जन आश्रम त्याच काळातला. १९६२ मध्ये आसामहून बंगालकडे येताना वाट पूर्व पाकिस्तानातून जात होती. तिथेही ते सोळा दिवस चालले आणि मिळालेली जमीन तिथल्याच भूमिहीनांना दिली.

हिशोब

चाळीस लाख एकरांहून अधिक जमीन दानात मिळाली. उद्दिष्ट मात्र पाच कोटी एकरांचे होते. मिळालेल्यातली बरीच जमीन खडकाळ निघाली, काही कज्जेदलालीत अडकलेली होती, काहींनी दिलेला शब्द मागे घेतला. मोठा भाग कित्येक वर्षे वाटलाच गेला नाही. हे लपवून विनोबांचे चरित्र सांगणे त्यांच्यावरच अन्याय करणारे ठरेल.

आम्हाला असे वाटते की या यशाचे आणि अपयशाचे मूळ एकाच ठिकाणी आहे. एका गावी एक रात्र, हा या यात्रेचा नियम. त्यामुळेच हजारो गावांना हा माणूस प्रत्यक्ष भेटला, ज्यांच्या दारात कधी कोणी पुढारी आला नाही त्यांच्या दारात तो उभा राहिला. पण त्याच नियमाने पहाटे तो निघूनही गेला. मागे राहिलेले दानपत्र, मोजणी, सातबारा, कोर्टाची पायरी हे सारे इतरांवर पडले आणि ते इतर अनेक ठिकाणी पुरे पडले नाहीत. पुढे १९६५ नंतर बिहारमध्ये त्यांनी मोटारीतून तुफान यात्रा केली, ग्रामदानाचे आकडे झपाट्याने वाढले, पण मागे राहून काम करणाऱ्यांची उणीव आणखीच जाणवली. आणीबाणीच्या काळात त्यांनी घेतलेल्या भूमिकेवरही कडक टीका झाली.

तरीही ज्या लाखो एकरांचे वाटप झाले, त्यांवर पिके उभी राहिली आणि माणसे जगली. कायद्याचा बडगा नाही, बंदूक नाही, केवळ चालत जाऊन मागितल्यावर एवढी जमीन माणसांनी दिली, याला जोड सापडत नाही.

थांबलेली पावले

१९६९ मध्ये विनोबा पवनारला परतले आणि १९७० च्या ऑक्टोबरात त्यांनी क्षेत्रसंन्यास घेतला, म्हणजे एकाच जागी राहण्याचे व्रत. धाम नदीकाठच्या या आश्रमात त्यांनी १९५९ साली, स्वतः यात्रेत असताना, स्त्रियांसाठी ब्रह्मविद्या मंदिर सुरू केले होते. त्याच्या स्थापनेची तारीख आहे २५ मार्च, म्हणजे बडोद्याचे घर सोडल्याची तारीख. सारा देश चाललेला माणूस मग आवारातले खडे आणि काडीकचरा वेचत फिरे. १९८२ च्या नोव्हेंबरात हृदयविकाराचा झटका आल्यावर त्यांनी अन्न, पाणी आणि औषध सोडले आणि १५ नोव्हेंबरला, दिवाळीच्या दिवशी देह ठेवला.

आपल्या मुलांनी पुढच्या भटकंतीचा बेत आखताना विनोबांकडून काही साध्या गोष्टी घ्याव्यात. पहाटे निघावे. टप्पा झेपेल एवढाच ठेवावा. ओझे कमी घ्यावे. वाटेतल्या गावाची भाषा थोडी तरी शिकावी. दिलेली वेळ पाळावी आणि डोंगराने वाट अडवली तर परत फिरण्याची तयारी ठेवावी. त्यात एक गोष्ट आपली म्हणून जोडावी : ज्या गावाने रात्री भाकरी दिली, त्या गावाला एकदा तरी परत जावे. विनोबांना ते जमले नाही, कारण पुढची गावे वाट पाहत होती. आपली वाट त्यांच्याएवढी लांब नाही. आपल्याला जमेल.